उदबत्तीचं घर

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

मी, सौ. द्वारकाबाई, वय चौसष्ट, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार पुंडलिकनगर, औरंगाबाद, माझ्या मागं माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. नवऱ्याचं पूर्ण नाव घातल्याशिवाय असला कागद पुरा होत नाही म्हणतात. कायद्याला उखाणा चालत नाही, म्हणून एकदाच सरळ लिहिते : व्यंकटराव माधवराव पाचोडकर. पुढं जिथं जिथं "हे" किंवा "यांना" असं येईल तिथं तेच समजावेत.

माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच दूधवाल्याच्या बेरजेतली चूक त्याला दाखवून दिली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण उजव्यानं सुईत दोरा ओवते. हे लिहायला मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून भुलवलेलं नाही. मला गोड बोलून भुलवणं या घरात अजून कुणाला जमलेलं नाही. मृत्युपत्राला स्टॅम्पचा कागद लागत नाही आणि वकीलही लागतोच असं नाही, याची चौकशी आधी करून ठेवली आहे. तेवढा खर्च वाचला.

मरायची मला घाई नाही. पण एक गोष्ट अशी आहे, की ती माझ्या हयातीत मला करता येत नाही, आणि हयातीनंतर करायला मी असणार नाही. त्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप. ती सातव्या कलमात आहे. आधीची सहा ओघानं आली.

कलम पहिलं : घर

पुंडलिकनगरातलं हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढचा ओटा, माझ्या नावावर आहे. प्लॉट माझ्या पाटल्या मोडून घेतला होता आणि यांनीच हट्टानं माझं नाव लावलं. हे असेपर्यंत घर यांचं. कुणी यांना आतल्या खोलीत हलवू नये; यांची कॉट खिडकीजवळच राहावी. नंतर घर मुलगा केशव आणि मुलगी पद्मजा यांच्यात निम्मं-निम्मं. पद्मजा म्हणेल, मला काही नको. लहानपणी ती जिलेबीलाही नको म्हणायची आणि मग माझ्या ताटातली खायची. तिला अर्धं द्यावंच.

कलम दुसरं : पोस्टातली रक्कम

आकडा पासबुकात आहे. इथं लिहिला की नातेवाईक वाढतात. त्यातून यांची औषधं, चष्मा आणि दर हिवाळ्यात एक बंडी. उरेल ते केशवच्या मुलांच्या शिक्षणाला. लग्नाला नाही.

कलम तिसरं : सोनं

मला नेताना सोनं अंगावर ठेवू नये. सोनं जाळून कुणाचं भलं झालेलं नाही. मंगळसूत्राच्या वाट्या काढून घ्याव्यात, काळे मणी तेवढे गळ्यात राहू द्यावेत. वाट्या सून उमाला द्याव्यात. उमानं माझ्याशी दोनदाच भांडण काढलं आणि दोन्ही वेळा बरोबर तिचंच होतं. मी असताना हे तिच्या तोंडावर म्हणणं जमायचं नाही, म्हणून इथं लिहिते.

कलम चौथं : भांडीकुंडी

तांब्या-पितळेची भांडी निम्मी उमाची, निम्मी पद्मजाची. स्टीलची कुणीही घ्यावीत.

मोठं पितळी पातेलं यात धरलेलं नाही. ते केशवच्या मुंजीनंतर माझ्या जाऊबाई सरूबाई पाचोडला घेऊन गेल्या. "आठवडी बाजाराला आलेल्या कुणाबरोबर तरी लावून देते की," म्हणाल्या होत्या. पाचोडचा बाजार तेव्हापासून दर आठवड्याला भरतोय. त्या बाजारातून औरंगाबादला येणारा एकही माणूस त्यांना भेटलेला नाही. तरी ते पातेलं त्यांच्याकडेच राहावं. त्यांना माफ केलं असा अर्थ मात्र कुणी काढू नये. माझ्या तेराव्याला त्यांनी त्याच पातेल्यात भात करावा आणि घासायला टाकताना ते उलटं टाकावं, म्हणजे बुडाशी ठोकलेलं माझं नाव आल्यागेल्याला दिसेल.

कलम पाचवं : देव

देवघर, टाक, शाळिग्राम, समई, चौरंग, सगळं केशव आणि उमाकडे. रोज पूजा झाली नाही तरी चालेल, पण देवावर धूळ बसू देऊ नये. चौरंगाच्या कडेला जे पितळी पात्र पेचानं बसवलेलं आहे, ते या वाटणीत येत नाही.

कलम सहावं : माझं पुढचं

मी यांच्या आधी जाणार आहे. वटपौर्णिमा, हरतालिका, मंगळागौर, यातलं मी काहीही चुकवलेलं नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. तेव्हा एवढं धरून चालायला हरकत नसावी. मला हिरवं लुगडं नेसवावं. ते कपाटात वरच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं आहे. मळवट भरावा, ओटी भरावी. तेराव्याला बुंदी करावी, जिलेबी करू नये, ती पुरत नाही. उरलेली त्याच दिवशी गल्लीत वाटून टाकावी.

कलम सातवं : पितळी राखदाणी आणि यांची खुर्ची

हे कलम नीट वाचावं.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्यानंतर तीनेक वर्षांनी आमचं लग्न झालं. हे तहसिलीत कारकून. तोवर कचेरीचं सगळं काम उर्दूत चालायचं आणि यांची उर्दू अशी, की साहेब लोक बाहेरून कागद यांच्याकडे लिहायला आणायचे. मग सगळं मराठीत आलं. हे सकाळी कचेरीला निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून मला शब्द विचारायचे, कारण मी मॅट्रिक होते. एकदा विचारलं, "हयात या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "हयातच. तो आता आपलाच झालाय."

हे हसले आणि गेले. आमचं दिवसभरातलं बोलणं एवढंच असायचं. सासूबाई, मनकर्णाबाई, देवघरात असायच्या आणि देवघरातून स्वयंपाकघराचं दार दिसायचं.

यांना सिगारेट ओढायची सवय लग्नाआधीपासूनची. आमच्यात आईबापांसमोर धूर काढत नाहीत. आईला ठाऊक असतं, मुलाला ठाऊक असतं की आईला ठाऊक आहे, पण समोर नाही म्हणजे नाही. म्हणून कचेरीतून आलं, चहा घेतला, की हे टोपी घालायचे आणि म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." ते थेट जेवायच्या वेळेला परत. केशव लहान असताना त्याला वाटायचं, बाबांच्या पायांना काही आजार आहे. एकदा तो तेलाची वाटी घेऊन यांच्या पायाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आज मीच मोकळे करतो."

लग्न झाल्यापासून आम्ही छावणीत भाड्यानं राहत होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिथला एक साहेब बदलून गेला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. यांनी हातांची एक लाकडी खुर्ची आणली आणि तिच्याबरोबर एक पितळी वस्तू. खोलगट वाटी, कडेला दोन खाचा, आणि खाली पेचाचा चिमटा. पेच फिरवला की टेबलाच्या कडेला नाहीतर खुर्चीच्या हाताला घट्ट बसायची. लिलाववाला म्हणाला होता म्हणे, "ले जाओ साब, कुर्सी को लगाओ, हात भी नय उठाना पडता." यांनी ती आधी मला दाखवली. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, पंच्यात झाकून, अगदी हळू.

"आता संध्याकाळी घरीच बसेन," म्हणाले. "आई देवळात कीर्तनाला गेली की ओट्यावर खुर्ची टाकेन. तूही निवडणं-टिपणं घेऊन बाहेर येत जा."

मी नुसती मान हलवली. त्या दिवशी पोळ्या दोनदा करपल्या.

हे ओट्यावर खुर्चीच्या हाताला पेच आवळत होते, तेवढ्यात सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

"व्यंकट, हे काय रे आणलंस?"

यांच्या हातात पेच अर्धा फिरवलेला. आईसमोर राखदाणी म्हणायचं म्हणजे बाकीचं सगळंच कबूल करायचं.

"उदबत्तीचं घर आहे, आई," हे म्हणाले.

"बघू. अगं बाई, कडेला खाचासुद्धा हायेत की उदबत्ती टेकवायला! अन् राख वाटीतच पडती. ज्यानं कुणी केलं तो लई शहाणा असला पाहिजे. आण इकडं, चौरंगाला लावते."

"आई, ते खुर्चीला..."

"खुर्चीला लावून तुझी पूजा करू का मी? आण म्हणते ना."

यांनी पेच सोडवला आणि आईच्या हातात दिला. त्याच संध्याकाळी राखदाणी चौरंगाला बसली, हळद-कुंकू लागलं, उदबत्ती लागली. सासूबाईंनी मला हाक मारून दाखवलं, "बघ गं, कसं शोभतंय." मी म्हटलं, शोभतंय. ओट्यावर खुर्ची रिकामी होती आणि हे पाय मोकळे करायला गेले होते.

तेव्हापासून दर सत्यनारायणाला, दर गौरींना ती वस्तू चौरंगाच्या कडेला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सासूबाई पेच फिरवून दाखवायच्या. भटजींनी त्यात धूप घातला. मी रोज राख काढून चिंचेनं घासून ती लख्ख ठेवली. दिवेलागण झाली की उदबत्ती लावायची आणि तिचा धूर देवघरात दाटला की खिडकीतून रस्त्याकडे बघायचं. छावणीतला तो रस्ता सरळ होता. लांबवर माणूस दिसायचा. चालण्यावरून मी यांना ओळखायची. रोज वाटायचं, आज लवकर येतील. हे जेवायच्याच वेळेला यायचे, कारण यांची कधीच चूक व्हायची नाही.

सासूबाई गेल्या त्या आणीबाणीच्या आदल्या साली. शुद्धीवर होत्या. मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "द्वारके, तुझी हयात आहे तोवर त्या उदबत्तीच्या घरात उदबत्ती लागायची राहू नये. माझ्या लेकानं हौसेनं आणलंय देवासाठी. शब्द दे." मी तुळशीचं पाणी त्यांच्या तोंडात घातलं आणि शब्द दिला. हे पायथ्याशी उभे होते. यांनी ऐकलं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. संध्याकाळी हे ओट्यावर आपल्या खुर्चीत बसले. टोपी खुंटीवरच होती. आता घरात आई नव्हती. मी दोन कप चहा ठेवला. तेवढ्यात दिवेलागण झाली म्हणून आत जाऊन निरांजन लावलं आणि शब्द दिल्याप्रमाणं राखदाणीत उदबत्ती लावली. धूर ओट्यापर्यंत गेला. हे उठले, खुंटीची टोपी घेतली आणि म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." दोन्ही कप मी प्यायले. चहा टाकत नाहीत.

पुंडलिकनगरात आलो तेव्हा चौरंग राखदाणीसकटच टेम्पोत चढवला. खुर्चीही आली, ती पुढच्या ओट्यावर असते. सकाळी हे तिच्यात बसून पेपर वाचतात. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या नाल्याच्या पुलावर जाऊन बसतात. दर नोव्हेंबरात हे ट्रेझरीत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला देतात. संध्याकाळी हे घरी असल्याचा दाखला मला आजवर मिळालेला नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी एका रिक्षेनं यांना पुलाजवळ घासलं. गुडघा सुजला. केशव म्हणाला, "बाबा, आता बास झालं, तो रस्ता काय आहे!" हे हो म्हणाले आणि पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गेले. तिथं दिवा नाही. ट्रक जातात. मी फाटकाशी उभी राहते तर डाव्या डोळ्यानं नुसते उजेडाचे गोळे दिसतात. त्यातला कुठला गोळा यांच्या अंगावर जाईल ते कळत नाही.

म्हणून माझी इच्छा अशी.

माझा शब्द माझ्या हयातीपुरता आहे. हयात संपली की शब्द संपला. तेव्हा माझ्या तेराव्याच्या संध्याकाळी केशवनं ती राखदाणी चौरंगावरून सोडवावी, स्वच्छ धुवावी आणि ओट्यावर यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला बसवावी. पेच घट्ट आवळावा, यांचा हात हल्ली थरथरतो. उमानं कपाळाला आठी घालू नये. वास येतो, पण वासानं कुणी मरत नाही, ट्रकनं मरतं. डॉक्टरांना विचारायला जाऊ नये. आणि हे टोपीला हात घालून "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणाले, तर केशवनं म्हणावं, "आईनं लिहून ठेवलंय, बसा."

कलम आठवं : सातव्याबद्दल

इथवर लिहून आज दुपारी कागद पुंजाराम गुरुजींना वाचायला दिला. गुरुजी शेजारी राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत, आणि साक्षीदार म्हणून मी त्यांनाच धरलं होतं. त्यांना मनात वाचता येत नाही. आयुष्यभर वर्गाला वाचून दाखवलं, त्यामुळं सगळं मोठ्यानं. ओट्यावर बसून त्यांनी पहिल्यापासून सातव्यापर्यंत वाचलं. हे जेवून आत कॉटवर पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

"वहिनी, अक्षर लई सुरेख," गुरुजी म्हणाले.

"अक्षर राहू द्या. मजकूर बघा."

"मजकुरातच घोळ हाय. तुम्ही दादांच्या आधी जाणार, हे कुणी ठरवलं?"

"म्हणजे काय?"

"दादा चौऱ्याहत्तरचे. तुम्ही चौसष्टच्या. चौथीतल्या पोराला गणित घातलं तरी..."

"गुरुजी! मार्गशीर्षातला गुरुवार आहे. तोंड सांभाळा."

"तोंड सांभाळतो की. पण कलम कसं सांभाळायचं? ते आधी गेले तर राखदाणी कुणाच्या खुर्चीला लावायची? रागवू नका. मी साक्षीदार, मला विचारावं लागतंय."

इतकी वर्षं वडाला दोरे गुंडाळले. वडानं हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. आपण आधीच जाणार हे मी इतकं पक्कं धरलं होतं की त्याच्यावर सगळं घर रचलं. लुगडं, बुंदी, राखदाणी, सगळं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "गुरुजी, सातवं परत वाचा."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पदरानं ओटा पुसायला लागले. त्यांनी सातवं परत वाचलं, या वेळी जरा हळू. हे भिंतीला धरत बाहेर आले आणि खुर्चीत बसले.

"हे कधी लिहिलंस?"

"दिवाळीचं आवरल्यावर."

"मला घरी बसवायला तुला मरावं लागतंय होय?"

"शब्द दिलाय सासूबाईंना. तुम्ही होतात तिथं."

"आईला कुठं माहीत होतं ते काय आहे."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

गुरुजी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

मी विचारलं, "त्या पुलावर जाऊन किती ओढता हल्ली?"

"एकही नाही. मागच्या साली डॉक्टरांनी सोड म्हटलं, तेव्हाच सुटली."

कपड्यांना वास येईनासा झाला होता हे मला कळलं होतं. मला वाटलं, सर्दीनं माझंच नाक गेलं.

"मग रोज तिथं जाऊन करता काय?"

"बसतो."

"नुसते?"

"नुसता. घरी संध्याकाळी कुठं बसतात ते मला माहीतच नाही गं. पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं वाटतं. उदबत्ती लागली की उठायचं, एवढंच पायांना ठाऊक."

मी आत गेले. चौरंगाचा पेच हलेना. इतक्या वर्षांचं तेल, कुंकू आणि धुपाची राख त्यात बसून दगड झाला होता. उमा मागून आली, काही विचारलं नाही, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि दोन थेंब सोडले. मग दोघींनी मिळून फिरवला. उमा म्हणाली, "आई, मी धुते." मी म्हटलं, "मीच धुणार."

राखदाणी आता यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला आहे. पेच मी स्वतः आवळला. सिगारेट नाही, म्हणून त्यात भाजलेली बडीशेप घालून ठेवली आहे. यांनी एक चिमूट घेतली आणि म्हणाले, "खारट झालीय." झालेली नाही.

सबब कलम सातवं मी रद्द करते. त्याच्यावर एकच रेघ मारली आहे, म्हणजे मुलांना वाचता येईल. रेघेशेजारी माझी सही आहे.

देवाजवळची उदबत्ती यापुढं पत्र्याच्या साध्या घरात लागेल. शब्द मोडला त्याचा जाब सासूबाईंपुढं उभी राहीन तेव्हा मी देईन. तो बोजा वारसांवर येत नाही, यांच्यावरही येत नाही. त्या विचारतील, देवाचं काढून नवऱ्याला दिलंस? मी म्हणेन, तुमच्याच लेकाला दिलं, त्यानंच आणलं होतं. हौसेनं.

सहाव्या कलमात "मी यांच्या आधी जाणार आहे" असं लिहिलं आहे, तिथं "देवाची मर्जी असल्यास" हे शब्द घालून वाचावेत. हिरवं लुगडं मात्र तिथंच राहील. आमच्यातलं जे मागं राहील त्याच्याजवळ खुर्ची आणि राखदाणी राहील. दोघंही नसू तेव्हा केशव-पद्मजानं काय करायचं ते करावं. मोडीत घातली तरी माझी हरकत नाही.

छावणीतल्या आणि इथल्या ज्या संध्याकाळी गेल्या, त्या या मृत्युपत्रात कुठंच धरलेल्या नाहीत. कुणाला द्याव्या म्हटलं तर त्या माझ्या ताब्यात कधी आल्याच नाहीत. त्या असत्या तर यांना दिल्या असत्या, हे तेवढं लिहून ठेवते.

आता ऊन भिंतीवरून उतरलंय. गुरुजी दुसऱ्या साक्षीदाराला, पलीकडच्या वच्छलाबाईंना बोलवायला गेलेत. हे खुर्चीत आहेत. टोपी आत खुंटीला आहे. दिवेलागणीला उदबत्ती लागल्यावर हे बसतील की उठतील, ते हे लिहिताना मला माहीत नाही. मी "बसा" म्हणणार आहे. लिहून ठेवायचं नाही, तोंडानं म्हणायचं ठरवलं आहे.

वरचा सगळा मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, खाडाखोड माझ्याच हातची आहे. हे लाभार्थी असल्यामुळं यांना साक्षीदार होता येत नाही असं गुरुजी म्हणतात, म्हणून यांची सही घेतलेली नाही.

मुक्काम पुंडलिकनगर, औरंगाबाद, घराच्या ओट्यावर.
गुरुवार, मार्गशीर्ष शके १९१८, तारीख १९ डिसेंबर १९९६.

(सही) सौ. द्वारकाबाई पाचोडकर

साक्षीदार :

१. (सही) पुंजाराम कडूबा गवळी, निवृत्त शिक्षक
२. (सही) सौ. वच्छलाबाई रामकिसन जाधव

साक्षीदार क्रमांक एक म्हणून माझ्या हातानं जादा लिहितो : सौ. द्वारकावहिनींनी आम्हा दोघांच्या समक्ष, शुद्धीवर असताना सही केली. आमच्या सह्या होईपर्यंत दिवेलागण झाली. सूनबाईंनी आत उदबत्ती लावली, तिचा वास ओट्यावर आला. दादा खुर्चीत सरसावून बसले, जरा वेळ दाराकडं बघत राहिले. वहिनी "बसा" म्हणाल्या. मग दादांनी त्यांना विचारलं, "आज भाजी कुठली?" हे आम्ही दोघांनीही स्वतः ऐकलं. खरं.

पुं. क. गवळी